वाचक विचारतात : ग्रुपवर काय ठेवायचं, काय काढायचं

या महिन्याची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. मंडळाच्या, कॉलनीच्या, वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी काय लिहावं, आणि ते ठरवायचं कुणी? इंदूरच्या मराठी वस्त्यांत गणेशोत्सवाची वर्गणी, व्याख्यानाची तारीख, नळाची वेळ, कुणाच्या घरचं निधन, सगळं आता तिथेच कळतं. त्यामुळे तिथलं भांडणही थेट घरात येतं. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या ग्रुपवर २८० सदस्य आहेत. 'सभ्य भाषा वापरावी, वादग्रस्त मजकूर टाकू नये, मंडळाची प्रतिष्ठा जपावी' असे तीन नियम आहेत. कुणी पाळत नाही, आणि पोस्ट काढली की 'माझीच का काढली?' म्हणून भांडण होतं. नियम आणखी कडक करावेत का?
— सचिव, सुदामानगर

उत्तर : कडक करू नका, नेमके करा. तुमच्या तिन्ही नियमांत असा एकही शब्द नाही ज्याचा अर्थ दोन माणसं सारखाच लावतील. 'वादग्रस्त' काय ते अध्यक्ष ठरवणार आणि 'सभ्य' काय ते सचिव. मग ज्याची पोस्ट गेली तो म्हणणारच, की नियम नव्हे, माणूस बघून काढली. त्याचं म्हणणं खोडायला तुमच्या हातात काही नाही.

नियमाची कसोटी अशी : ग्रुपमधल्या कुणालाही न ओळखणाऱ्या माणसाला तो मेसेज आणि तो नियम शेजारी ठेवून 'बसतो' किंवा 'बसत नाही' एवढं सांगता आलं पाहिजे. लिहिणाऱ्याचा हेतू काय होता, तो नेहमीच तिरकस बोलतो का, गेल्या निवडणुकीत तो कुणाच्या बाजूला होता, हे त्याला विचारावं लागू नये. नियम मजकुराला लावायचा, माणसाला नाही. बाकीच्या पत्रांनाही आमचं उत्तर बहुतांशी याच मुद्द्यावर येतं.

तुमच्या मंडळाला चालेल असा मसुदा देतो. हवा तसा बदला.

'हा ग्रुप मंडळाचे कार्यक्रम, सभा, वर्गणी आणि सदस्यांच्या घरच्या सुखदुःखाच्या बातम्या यासाठी आहे. दोन बाणांची खूण असलेले फॉरवर्ड टाकू नयेत. बातमी किंवा माहिती कुठून आली हे सांगता येत नसेल तर ती टाकू नये. कुणाच्या कामावर, मतावर टीका चालेल; जात, धर्म, रूप, घरची माणसं किंवा ऐपत यावर नाही. दुसऱ्याचा नंबर, पत्ता, फोटो किंवा खासगी बोलण्याचा स्क्रीनशॉट त्याला विचारल्याशिवाय टाकू नये. हिशेबाबद्दल प्रश्न विचारता येतील. नाव घेऊन आरोप करायचा असेल तर तो कार्यकारिणीला लेखी द्यावा. धंद्याची जाहिरात फक्त रविवारी, एका सदस्याची एक. नियमात न बसणारा मजकूर तिघांपैकी कोणताही अॅडमिन काढेल आणि कारण त्या सदस्याला लगेच कळवेल.'

दोन बाणांचा नियम मुद्दाम घातला आहे. एखादा मेसेज पाच किंवा जास्त चॅटमधून फिरत आला की व्हॉट्सअॅप स्वतःच त्यावर दोन बाण लावतं. त्यामुळे तुम्हाला काहीच ठरवावं लागत नाही, खूण दिसली की मेसेज जातो. यातून एक पळवाट निघते. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण दिसत नाहीत. त्यासाठीच पाठोपाठचा 'कुठून आली' हा नियम आहे.

हे नियम पिन करून ठेवू नका. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, मग आपोआप सुटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नियम ग्रुपच्या माहितीत, म्हणजे नावावर टॅप केल्यावर जो मजकूर दिसतो तिथे लिहा. शेवटी 'कार्यकारिणीच्या अमुक तारखेच्या सभेत मंजूर' अशी ओळ घाला. त्या ओळीमुळे नियम एका सचिवाचे न राहता संस्थेचे होतात. नव्या सदस्याला घेतानाच तो मजकूर पाठवा आणि 'वाचलं' असं उत्तर आल्यावरच त्याला आत घ्या. 'अप्रूव्ह न्यू मेंबर्स' ही सोय चालू केली की लिंकवरून येणारा प्रत्येक जण आधी अॅडमिनकडे थांबतो.

रात्री १० नंतर मेसेज नकोत असा नियम अनेक मंडळं करतात. करायचा तर 'विनंती' म्हणूनच करा. फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सोय आहे, पण ती रोज रात्री हाताने लावावी आणि सकाळी हाताने काढावी लागते. आठवडाभरात कुणीतरी विसरतं. अंमलात आणता न येणारा एक नियम ठेवलात की लोक बाकीच्या नियमांनाही तसंच समजू लागतात.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर 'राजकारण बंद' असा नियम आहे. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं नाही, म्हणून मी लिहिलं आणि पार्षदांना (नगरसेवकांना) फोन केल्याचंही सांगितलं. पार्षदांचा उल्लेख आला म्हणून पोस्ट काढली. हे बरोबर आहे का?
— रहिवासी, राजेंद्रनगर

उत्तर : नाही. पाणी, ड्रेनेज, खड्डे, कचरा गाडी, रस्त्यावरचे दिवे यासाठीच तर कॉलनीचा ग्रुप असतो. इंदूरच्या बऱ्याच भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. एक पाळी चुकली की पुढच्या पाळीपर्यंत घरात पाणी नसतं, आणि अशा वेळी शेजारच्या गल्लीत काय स्थिती आहे हे कळणं गरजेचं असतं. पार्षद हे पद आहे. त्या पदावरच्या माणसाला फोन केला, त्याने काय सांगितलं, हे लिहिणं म्हणजे प्रचार नव्हे.

'राजकारण बंद' या नियमाची खोड अशी, की काम आणि प्रचार दोन्ही त्यात सापडतात. त्याऐवजी असं लिहा : 'मत मागणं, पक्षाचं चिन्ह, नेत्यांचे फोटो आणि चित्रफिती, पक्षांची तुलना चालणार नाही. वस्तीच्या कामाबद्दल कुणालाही, कोणत्याही पदावरच्या व्यक्तीबद्दल लिहिता येईल.'

शंका आली तर अॅडमिनने मेसेजमधून पक्षाचं नाव मनातल्या मनात खोडून वाचावा. 'गल्ली नंबर ३ मध्ये मंगळवारपासून नळ नाही, महापालिकेच्या झोन कार्यालयात तक्रार दिली, पार्षद म्हणाले उद्या टँकर येईल' यात पक्ष नव्हताच, सगळं तसंच उरतं, ठेवा. 'याच पक्षाला मतं दिलीत ना, आता भोगा' यातून पक्ष काढला तर शेजाऱ्यांना मारलेला टोमणा तेवढा उरतो, काढा.

तक्रारीच्या मेसेजचं स्वरूपही ठरवून द्या : गल्ली, कधीपासून, कुठे तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक. 'इंदौर ३११' अॅपवर किंवा सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार केली की क्रमांक मिळतो. तो ग्रुपवर टाकला की बाकीच्या घरांना त्याचा हवाला देऊन आपली तक्रार नोंदवता येते. नुसतं 'काय चाललंय हे' असं चाळीस जणांनी लिहून झोनवर काही पोचत नाही.

प्रश्न : वाचनालयाच्या ग्रुपवर एका सदस्याने लिहिलं, 'स्मरणिकेच्या जाहिरातींचे पैसे कुठे गेले ते कोषाध्यक्षांनाच माहीत.' कोषाध्यक्ष राजीनामा द्यायला निघाले आहेत. पोस्ट काढली तर लपवतात म्हणतील, ठेवली तर अन्याय. काय करावं?
— कार्यकारिणी सदस्य, रामबाग

उत्तर : त्या एका वाक्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्यांना वेगवेगळी वागणूक द्यायला हवी. जाहिरातींचे पैसे किती आले आणि कुठे खर्च झाले हा प्रश्न आहे, आणि तो विचारायचा प्रत्येक सदस्याला हक्क आहे. 'कोषाध्यक्षांनाच माहीत' यात मात्र त्यांनी पैसे खाल्ले असं सुचवलं आहे. प्रश्न ठेवायचा, सुचवणं काढायचं.

क्रम असा ठेवा. आधी त्या सदस्याला फोन करा. ग्रुपवर उत्तर देत बसू नका. 'तुमचा प्रश्न रास्त आहे, तेवढाच नव्याने लिहा, आम्ही उत्तर देतो, आरोपाचं वाक्य काढावं लागेल' एवढंच सांगा. पाठवलेला मेसेज पहिल्या १५ मिनिटांतच सुधारता येतो, तेव्हा बहुधा जुना काढून नवा टाकावा लागेल. ते तयार झाले नाहीत तर अॅडमिनने तो काढावा आणि त्याच मिनिटाला ग्रुपवर लिहावं : 'स्मरणिकेच्या जाहिरातींच्या जमाखर्चाबद्दल प्रश्न आला आहे. कुणा एका व्यक्तीवर आरोप असल्यामुळे मूळ मेसेज काढला आहे. जमाखर्च शुक्रवारपर्यंत इथेच देऊ.' आणि शुक्रवारी खरोखर द्या : जाहिराती किती, ठरलेली रक्कम किती, हातात आलेली किती, येणं बाकी कुणाकडून किती, छपाईचं बिल किती. वही वाचनालयात कोणत्या वेळी पाहायला मिळेल तेही लिहा. अशा भांडणांत बऱ्याचदा ठरलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम यातलाच फरक असतो. जाहिरातदार हो म्हणतात, पण पैसे मार्चनंतर येतात.

उत्तर न देता नुसती पोस्ट काढणं सर्वांत वाईट. अॅडमिनने मेसेज काढला की त्या जागी 'अॅडमिन अमुक यांनी काढला' अशी ओळ राहते. ज्यांनी वाचला नव्हता तेही मग दुसऱ्याला विचारून घेतात.

आरोप करणाऱ्यालाही हे माहीत असावं, की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. 'खरंच आहे' एवढा बचाव तिथे पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. रीतसर कार्यकारिणीला लेखी दिलेली आणि सद्भावनेने केलेली तक्रार मात्र कायद्याच्या अपवादात बसते. म्हणूनच नियमात 'आरोप लेखी द्या' असं म्हटलं. त्यात तक्रारदाराचंही रक्षण आहे.

प्रश्न : आमच्याकडचे एक ज्येष्ठ सदस्य, वय ८१, मंडळाच्या पहिल्या पिढीतले. रोज पहाटे सुविचार, देवांचे फोटो आणि घरगुती उपचारांचे मेसेज मिळून वीसेक तरी टाकतात. कार्यक्रमाची सूचना त्यात हरवते. त्यांना बोलायची कुणाची हिंमत नाही.
— लोकमान्यनगर

उत्तर : त्यांना ग्रुपवर किंवा मेसेजने काहीही लिहू नका. त्यांच्या घरी येणं-जाणं असलेल्या कुणीतरी समक्ष जाऊन बोलावं. दहा मिनिटांचं काम आहे. ज्याने मंडळ उभं केलं त्याला त्याच्या मंडळाने चारचौघांत नियम दाखवू नये.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण मूळ दोष ग्रुपच्या रचनेत आहे. सूचना आणि गप्पा एकाच ठिकाणी वाहतात. व्हॉट्सअॅपवर 'कम्युनिटी' करून त्याखाली ग्रुप ठेवता येतात. सूचनांचा जो भाग आपोआप तयार होतो तिथे फक्त अॅडमिन लिहू शकतात आणि सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. त्याच्या जोडीला 'गप्पा' नावाचा एक ग्रुप करा, हवं त्याने तिथे यावं. काकांचे सुविचार तिथे आनंदाने वाचणारे पुष्कळ निघतील, आणि सहलीची तारीख सूचनांमध्ये ठळक राहील.

उपचारांच्या मेसेजकडे मात्र वेगळ्या नजरेने बघा. साखर उतरते म्हणून कसला काढा घ्या आणि गोळ्या सोडा, छातीत दुखलं तर जोरजोरात खोका, असल्या मेसेजवर विश्वास ठेवणारं माणूस ग्रुपमध्ये असतंच, आणि ते अनेकदा एकटं राहणारं, वयस्कर असतं. नुसता मेसेज काढून उपयोग नाही, कारण तो वाचून झालेला असतो. त्याखाली लगेच लिहायचं : 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही चालू औषध बंद करू नये. छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करावा.' मग मेसेज काढायचा. ग्रुपमध्ये कुणी डॉक्टर सदस्य असतील तर हे वाक्य त्यांच्या नावाने गेलेलं बरं.

प्रश्न : ग्रुपमध्ये कुणी आक्षेपार्ह टाकलं तर अॅडमिनला अटक होते, असं सगळे म्हणतात. या भीतीने आमच्याकडे कुणी अॅडमिन व्हायला तयार नाही.
— तिलकनगर

उत्तर : दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजबद्दल केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच सांगितलं आहे. अॅडमिनचाही तोच हेतू होता, त्याने साथ दिली, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. ही दुसऱ्या राज्यांतल्या न्यायालयांची मतं आहेत. मध्य प्रदेशात ती बंधनकारक नसली तरी इथल्या न्यायालयापुढे त्यांचा आधार घेता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ लावतील अशी भीती अजून कुणी घालत असेल तर ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं आहे.

काळजी घ्यायची ती इतकीच. धर्म, जात, भाषा यावरून तेढ वाढवणारा मजकूर (न्याय संहितेचं कलम १९६) दिसताक्षणी काढा आणि काढल्याचा स्क्रीनशॉट वेळेसह ठेवा. त्यावर अंगठा, हसरा चेहरा, काहीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील सहानुभूतीने लिहिला तरी तो कलम ७२ खाली गुन्हा आहे. हा मजकूर ग्रुपवर चांगल्या मनाने येतो, म्हणून तिथे चूक जास्त होते.

सणांच्या किंवा तणावाच्या दिवसांत पोलीस आयुक्तालयाकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, समाजमाध्यमांबद्दल आदेश निघतात. आदेश निघाला की तो वाचा. त्यात अॅडमिनला नेमकं काय करायला सांगितलं आहे ते बघा आणि तेवढे दिवस फक्त अॅडमिनला लिहिता येईल असा ग्रुप ठेवा.

तिघं अॅडमिन ठेवा. एकच असला तर तो प्रवासात असताना मेसेज सहा तास तसाच राहतो. दहा असले तर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

प्रश्न : ग्रुपमध्ये आल्यापासून एक सदस्य मला रात्री खासगी मेसेज करतात. आधी कार्यक्रमाबद्दल विचारायचे, आता फोटोंवर लिहितात. अॅडमिन म्हणाले, 'ग्रुपवर तर काही नाही ना, दुर्लक्ष करा.'
— एक सदस्या

उत्तर : अॅडमिनचं म्हणणं चूक आहे. तुमचा नंबर त्या माणसाला ग्रुपमुळे मिळाला, तेव्हा ग्रुपची जबाबदारी येतेच.

एकदाच, स्पष्ट लिहा : 'मला वैयक्तिक मेसेज करू नका.' कारण द्यायची गरज नाही, मागे हसरा चेहराही लावू नका. आधीचे आणि हा मेसेज, नंबर आणि तारखेसह, स्क्रीनशॉट काढून ठेवा. चॅट पुसू नका. त्यानंतरही मेसेज आला तर ब्लॉक करा आणि कार्यकारिणीला लेखी द्या. स्पष्ट नकारानंतर स्त्रीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करता येते.

मंडळांसाठी : नियमात एक ओळ घाला, 'ग्रुपवरून मिळालेल्या नंबरवर मंडळाच्या कामाशिवाय मेसेज करू नये.' आणि तक्रार घेणाऱ्यांत एक तरी स्त्री असू द्या. अशा प्रकरणात ताकीद वगैरे पायऱ्या नाहीत. शहानिशा होईपर्यंत त्या सदस्याला ग्रुपबाहेर ठेवायचं.

प्रश्न : मुलं ग्रुपवर हिंदीत लिहितात, नाहीतर रोमन लिपीत मराठी. काही ज्येष्ठ त्यांना सर्वांसमोर सुनावतात. 'फक्त मराठी, फक्त देवनागरी' असा नियम करावा का?
— पालक, पलासिया

उत्तर : करू नका. घरात मराठी आणि बाहेर हिंदी असं वाढलेलं मूल 'मैं आज नहीं आ पाऊँगा, पण उद्या नक्की येतो' असं लिहितं, तेव्हा ते मराठीत यायचा प्रयत्न करत असतं. त्याला त्याच जागी अडवलं तर ते पुढच्या वेळी काहीच लिहिणार नाही, आणि मंडळाला स्वयंसेवक मिळणार नाही.

मंडळाच्या सूचना देवनागरी मराठीत, शुद्ध आणि आटोपशीर असाव्यात. ते मंडळाचं कर्तव्य आहे. सदस्यांनी मात्र जमेल तसं लिहावं, आणि ग्रुपवर कुणी कुणाची भाषा सुधारू नये, हा नियम करा. बरेच जण रोमनमध्ये लिहितात कारण फोनवर मराठी कळफलक कसा लावायचा ते कुणी दाखवलेलं नसतं. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांत मराठी निवडली की रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवता येते. एका रविवारी मुलांनी ज्येष्ठांना आणि ज्येष्ठांनी मुलांना बसवून हे करून घेतलं तर दोघांचंही काम होईल.

प्रश्न : एका सदस्याला तीन वेळा सांगून काढलं. आता ते परत यायचं म्हणतात. निम्मी कार्यकारिणी हो म्हणते, निम्मी नाही.

उत्तर : ही पायरी आधी लिहिलेली नव्हती, म्हणून आता मतभेद आहेत. पुढच्यासाठी लिहून ठेवा : पहिल्या वेळी मेसेज काढून खासगीत कारण, दुसऱ्या वेळी लेखी ताकीद, तिसऱ्या वेळी ३० दिवस बाहेर, परत आल्यावर पुन्हा तेच घडलं तर पुढच्या कार्यकारिणी सभेपर्यंत बाहेर, आणि निर्णय सभेत, त्यांचं म्हणणं ऐकून. मुदत संपली की परत घ्यायचं, माफी मागायला लावायची नाही. ग्रुपमधून काढलं म्हणजे मंडळाचं सदस्यत्व गेलं असं नाही, हेही त्यांना सांगा. सभेची सूचना त्यांना पत्राने किंवा एसएमएसने गेलीच पाहिजे, नाहीतर ती सभाच अडचणीत येते.

तुमच्या प्रकरणात ३० दिवस झाले असतील तर त्यांना आत घ्या.

प्रश्न : स्मरणिकेत वाचकांची पत्रं छापतो. एकाचं दोन पानी पत्र आम्ही अर्ध्या पानावर आणलं, ते रागावले.

उत्तर : कापण्याचा हक्क संपादकाला आहे, अर्थ बदलण्याचा नाही. पत्रं मागवतानाच '२०० शब्दांपर्यंत, जास्त असल्यास संक्षेप करू' असं छापा. निम्म्याहून जास्त कापावं लागत असेल तर कापलेलं पत्र लेखकाला दाखवा आणि दोन दिवसांची मुदत द्या. टीकेचं पत्र असेल तर टीका ठेवून प्रस्तावना कापावी, उलट करू नये. निनावी पत्र छापू नका. नाव छापायचं नसेल तर चालेल, पण संपादकाला ते माहीत हवं.

प्रश्न : नवी कार्यकारिणी आली, पण ग्रुप माजी सचिवांनी काढलेला आहे. ते अॅडमिनपद सोडत नाहीत आणि आम्हाला त्यांना हटवताही येत नाही.
— नवे सचिव, नारायणबाग

उत्तर : हटवता येणारही नाही. ज्याने ग्रुप सुरू केला त्याला दुसरा अॅडमिन काढू शकत नाही, तो स्वतः बाहेर पडला तरच जातो. भांडत बसण्यापेक्षा नवा ग्रुप करा, आणि तो मंडळाच्या नावावरच्या सिमवरून करा. ते सिम घातलेला फोन कार्यालयात राहू द्या आणि ते चालू राहील इतका रिचार्ज मंडळाच्या खर्चात धरा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन (नव्या फोनवर ते खातं उघडताना लागणारा आकडा) बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवा.

जुन्या ग्रुपवर नव्याची लिंक टाका आणि सभेतही सांगा. सगळे येईपर्यंत महिनाभर दोन्हीकडे सूचना पाठवा. नव्या ग्रुपमध्ये आल्यावर जुना मजकूर दिसेलच असं धरू नका, म्हणून मागच्या सूचना, देणगीदारांची यादी आणि फोटो आधीच वेगळे जपून ठेवा. सगळे आले की ती लिंक रद्द करून नवी घ्या, कारण ती एव्हाना कुठे कुठे पोचली असेल. लग्नपत्रिका किंवा बँकेची सूचना म्हणून येणाऱ्या एपीके फायली (फोनमध्ये अॅप बसवणाऱ्या) अशा उघड्या लिंकवरूनही ग्रुपमध्ये शिरतात. कुणी ती उघडून पैसे गमावले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा.

माजी सचिवांना नव्या ग्रुपमध्ये साधे सदस्य म्हणून पहिल्याच दिवशी घ्या.